आधी परतीची वाट

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हेलेना शहराच्या उत्तरेला सुमारे वीस मैलांवर, मिसूरी नदी चुनखडीच्या उंच कड्यांमधून वाट काढत जाते. तिच्या पूर्वेकडून डोंगरातून ज्या घळी नदीत उतरतात, त्यांतल्या एकीचं नाव मॅन गल्च. घळीच्या दक्षिण उतारावर डग्लस फर आणि पाइनची दाट झाडी होती आणि उत्तर उतारावर गुडघाभर वाळलेलं गवत, अधूनमधून एखादं झाड. वर कड्याची दगडी भिंत, त्या पलीकडे माथ्याची धार. ४ ऑगस्ट १९४९ रोजी दुपारी वादळ आलं, विजा पडल्या आणि दक्षिणेकडच्या धारेवर एक झाड धुमसू लागलं. दुसऱ्या दिवशी हेलेनामध्ये पारा ९७ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या मोजणीने ३६ अंशांवर गेला. त्या डोंगराळ मुलखाला एवढ्या उष्म्याची सवय नव्हती.

धूर पहिल्यांदा जवळून पाहिला तो जिम हॅरिसनने. विशीतला हा मुलगा शेजारच्या घळीतल्या सहलीच्या तळावर वनरक्षक होता. आधीच्या उन्हाळ्यात तो विमानातून उडी मारून वणवे विझवणाऱ्या ‘स्मोकजंपर’ तुकडीत होता. ते काम फार धोक्याचं म्हणून सोडून त्याने ही शांत नोकरी घेतली होती. आगीकडे गेलो आहे, एवढी चिठ्ठी तंबूपाशी ठेवून तो एकटाच डोंगर चढला.

स्मोकजंपर कशासाठी होते हे समजायला थोडं मागे जावं लागतं. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानाच्या जंगलांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जळाले आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. अवघी पाच वर्षं वयाच्या अमेरिकी वनखात्याच्या मनावर त्या आगीचा वळ उठला तो कायमचा. आग दिसली की विझवायचीच, हा खात्याचा धर्म झाला. १९३५ साली खात्याचे प्रमुख फर्डिनंड सिल्कॉक्स यांनी तर नियमच केला: आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. रस्ता नसलेल्या डोंगरात पायी जाऊन हे जमणार कसं? मग हवाई छत्र्यांचे प्रयोग सुरू झाले आणि जुलै १९४० मध्ये पहिल्या दोन माणसांनी जळत्या जंगलाजवळ उड्या मारल्या. पुढची नऊ वर्षं एकही स्मोकजंपर आगीत मेला नाही. ही नऊ वर्षं फार महत्त्वाची आहेत. इतका काळ काहीच वाईट घडलं नाही की माणूस आपल्या नशिबाला आपलं कौशल्य समजू लागतो.

दुपारी अडीचच्या सुमारास मिझूलाच्या धावपट्टीवरून सी-४७ विमान उडालं. आत सोळा स्मोकजंपर होते. हवा इतकी उसळत होती की एकाला मळमळून उडी मारणंच अशक्य झालं. तो विमानातून परत गेला. उरलेले पंधरा चारच्या आसपास घळीच्या वरच्या टोकाला उतरले. हवेच्या धक्क्यांमुळे वैमानिकाला नेहमीपेक्षा उंचावरून सामान टाकावं लागलं आणि ते लांबवर विखुरलं. वायरलेस संचाची छत्री उघडलीच नाही. संच जमिनीवर आपटून फुटला आणि त्या क्षणापासून या पंधरा जणांचा जगाशी संबंध तुटला.

ही पोरं कोण होती? बहुतेक महाविद्यालयात शिकणारी, त्यांतली बरीचशी वनशास्त्राचीच. एल्डन डीटर्टचा त्या दिवशी एकोणिसावा वाढदिवस होता. डेव्हिड नेव्हन महायुद्धात बास्तोन्यच्या वेढ्यात लढून आलेला छत्रीधारी सैनिक. रॉबर्ट सॅली अवघा सतरा वर्षांचा, म्हणजे नियमाप्रमाणे या कामाला एका वर्षाने लहान. उपनायक विल्यम हेलमनने जेमतेम महिन्याभरापूर्वी वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरच्या मैदानावर प्रात्यक्षिकाची उडी मारली होती. आणि या सगळ्यांचा फोरमन वॅग डॉज, वय तेहतीस, अबोल आणि हाताचा कसबी. त्याच्या या कसबापायीच एक गोष्ट बिघडून बसली होती. तळावरची दुरुस्तीची कामं त्याच्याकडे आल्यामुळे हंगामाच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात तो या पोरांबरोबर नव्हता. कित्येकांची त्याची नीट ओळखही नव्हती. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी वारा, गवत, चढ हे सगळं आहेच. पण या न झालेल्या ओळखीला मी त्यांच्याच पंक्तीत बसवतो.

वरून पाहिलं तेव्हा आग साठेक एकरांची, धारेवर शांतपणे जळणारी दिसत होती. रात्रभर खपून सकाळी दहापर्यंत हिला दाबून टाकू, असंच सगळ्यांना वाटलं. सामान गोळा करून पाच वाजता तुकडी तयार झाली. वर कोणीतरी ओरडल्याचा आवाज आला म्हणून डॉज पुढे गेला. तो हॅरिसन होता, तासन् तास एकटा झुंजलेला. डॉजला तिथल्या झाडीची लक्षणं चांगली वाटली नाहीत. त्याने हेलमनला सांगितलं की पोरांना समोरच्या गवताळ उतारावर ने आणि नदीच्या दिशेने खाली चल. विचार योग्य होता: पाठीशी नदी असली तर बिघडल्यास पाण्यात उतरता येईल. म्हणजे परतीची वाट डॉजच्या मनात पहिल्यापासून होती. पण ती त्याच्याच मनात राहिली. तुकडीतल्या कोणालाही, आपण नदीकडे का चाललो आहोत, हे सांगितलेलं नव्हतं. रांगेत चालताना नेव्हन समोरच्या आगीचे फोटो काढत होता.

पावणेसहाला, पुन्हा तुकडीच्या पुढे आलेल्या डॉजला खालच्या बाजूला असं काही दिसलं की तो जागीच थांबला. नदीकडून घळीत वारा शिरला होता. त्या वाऱ्याने ठिणग्या उचलून घळीच्या तोंडाशी, त्यांच्याच बाजूच्या उतारावर टाकल्या होत्या. परतीच्या वाटेवर आग उभी होती, दीडदोनशे यार्डांवर, आणि ती वर येत होती. डॉज काही न बोलता वळला आणि चढू लागला. मागची पोरंही वळली. का वळलो हे रांगेच्या शेवटच्या टोकाला असणाऱ्यांना तेव्हा कळलंही नव्हतं.

जंगलातली आग झाडीतून गवतात आली की तिची धग कमी होते आणि लोकांना वाटतं, धोकाही कमी झाला. घडतं उलटं. गवताची काडी क्षणात तापते, क्षणात पेटते, आणि आगीला पुढे सरकायला तेवढंच हवं असतं. त्यात चढ असला तर ज्वाळा पुढच्या गवतावर झुकते, त्याला आधीच वाळवून, तापवून ठेवते. काडी पेटवून गूल खाली धरलं की ज्वाळा बोटांकडे धावते तसंच हे. माणसाचं मात्र चढावर नेमकं उलट होतं, त्याचा प्रत्येक पाय आधीच्यापेक्षा जड पडतो. सह्याद्रीच्या गवताळ सोंडांवर फेब्रुवारीपासून जे वनरक्षक हिरव्या डहाळ्यांनी वणवे झोडपत फिरतात त्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात गवताच्या उतारावर वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक गेले, त्यामागेही हाच चढ आणि हेच गवत होतं. मॅन गल्चमध्ये तो चढ काही ठिकाणी शंभर फुटांना पंचाहत्तर फूट इतका खडा होता.

पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी डॉजने जड सामान टाकून द्यायला सांगितलं. करवती, फावडी, आणि एका बाजूला कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं ते अवजार, ज्याला ‘पुलास्की’ म्हणतात. काहींनी आधीच टाकलं होतं, काहींच्या हातून ते सुटेना. वॉल्टर रम्सीने एका सोबत्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि, मागे मरण येत असताना, ते झाडाला नीट टेकवून ठेवलं. पंचेचाळीस वर्षांनीही वणव्यात सापडलेली माणसं असंच काहीतरी करताना दिसतात; त्याकडे मी पुढे येतो.

पाच पंचावन्नला डॉज थांबला. माथा अजून सुमारे दोनशे यार्ड वर होता आणि आग मिनिटभराच्या अंतरावर. त्याच्या ध्यानात आलं की शर्यत हरली आहे. त्याने खिशातून काडी काढली आणि पुढ्यातलं गवत पेटवून दिलं.

आगीपासून पळताना आपल्याच वाटेवर आग लावणारा माणूस त्या पोरांनी कधी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. डॉजची ही छोटी आग वरच्या दिशेने पळाली आणि मागे काळी राख सोडत गेली. जिथे गवत जळून गेलं तिथे मोठ्या आगीला खायला काही उरणार नव्हतं. डॉज त्या राखेत शिरला आणि मागून येणाऱ्यांना हात करून, ओरडून बोलावू लागला: इकडे या, माझ्याजवळ या. गवताळ मैदानांवर राहणाऱ्या मूळ रहिवाशांना ही युक्ती माहीत होती. फेनिमोर कूपरच्या १८२७ सालच्या ‘द प्रेअरी’ या कादंबरीतही ती आहे. डॉजने पुढे चौकशीत सांगितलं की त्याला ती आधी ठाऊक नव्हती, त्या क्षणी सुचली. एकामागून एक पोरं त्याच्याजवळून वर पळत गेली. एकही आत आला नाही. सॅली आणि रम्सीला वाटलं, याचं डोकं फिरलं.

डॉजने पाण्यात भिजवलेला रुमाल तोंडावर धरला आणि राखेत पालथा पडला. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी गेली. तिने ओढलेल्या वाऱ्याने त्याला दोन-तीनदा जमिनीवरून उचललं. काही मिनिटांनी तो उठला तेव्हा त्याला फारसं भाजलेलं नव्हतं. सॅली आणि रम्सी डॉजच्या आगीच्या कडेने सरळ वर गेले, कड्याच्या दगडी भिंतीतल्या भेगेतून पलीकडे घुसले आणि धोंड्यांच्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले, जिथे जळण्यासारखं काही नव्हतं. बाकीचे उताराला आडवे, चढत चढत पळाले. हॅरिसनच्या घड्याळाचे काटे वितळून पाच छप्पन्नच्या सुमारास चिकटलेले सापडले. हेलमन आणि जोसेफ सिल्व्हिया भयंकर भाजलेल्या अवस्थेत जिवंत सापडले आणि दुसऱ्या दिवशी हेलेनाच्या रुग्णालयात गेले. हॅरिसन धरून सोळांपैकी तेरा गेले. पुढे ती आग साडेचार हजार एकरांवर पसरली आणि तिला विझवायला साडेचारशे माणसं आणखी पाच दिवस खपत होती.

ज्या पुलास्कीवरून त्या अवजाराला नाव पडलं, तो एड पुलास्की १९१० च्या आगीतला रेंजर. आयडाहोमधल्या वॉलेस गावाजवळ त्याने आगीत सापडलेल्या पंचेचाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंडलं. धूर आत येऊ लागला तशी माणसं बाहेर पळायला निघाली, तेव्हा पुलास्की तोंडाशी पिस्तूल घेऊन उभा राहिला: जो बाहेर पडेल त्याला गोळी घालीन. पाच-सहा जण आत गुदमरले, बाकी सगळे वाचले. डॉजकडे पिस्तूल नव्हतं आणि त्याची जागा बोगद्यासारखी डोळ्यांना पटणारी नव्हती. मला या दोन प्रसंगांमधला फरक नेहमी छळतो. दोघांनाही योग्य ते सुचलं होतं. पुलास्कीने माणसांना पटवलं नाही, धाक घातला. डॉजला पटवण्यासाठी मिनिटभरही मिळालं नाही. ज्वाळा मागे असताना कोणाला कोणतीही नवी गोष्ट पटत नाही. त्या वेळी माणूस फक्त आधी माहीत असलेलं करतो, किंवा आधीपासून ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं ऐकतो. मॅन गल्चमधल्या पोरांना ती युक्ती माहीत नव्हती आणि युक्ती सांगणारा माणूसही पुरता माहीत नव्हता.

खात्याने चौकशी मंडळ नेमलं. मृतांपैकी एकाचे वडील स्वतः निवृत्त वनाधिकारी होते. ते जागेवर जाऊन आले आणि डॉजने लावलेल्या आगीनेच पोरांची वाट अडवली, असा आरोप त्यांनी केला. मंडळाने डॉजला दोष दिला नाही. त्या वडिलांच्या दुःखाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही, पण उताराची आणि वाऱ्याची दिशा पाहता मंडळाचा निर्णय मला बरोबर वाटतो. डॉजने पुन्हा कधी वणव्यावर उडी मारली नाही. १९५५ साली कर्करोगाने तो गेला.

आणखी एक माणूस या घळीने घेतला. हॅरी गिसबॉर्न हा वणव्याच्या वागण्याचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत रुजवणारा संशोधक. आग तिथे चक्रीवादळासारखी फिरली असेल का, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. त्याचं हृदय अधू होतं, तरी ९ नोव्हेंबर १९४९ रोजी तो घळ चढला. बरोबर होता रेंजर रॉबर्ट जॅन्सन, जो दुर्घटनेच्या संध्याकाळी तुकडीला शोधत घळीच्या तोंडाशी शिरला होता आणि धुरात बेशुद्ध होता होता वाचला होता. जे पाहायचं ते पाहून, आपला आधीचा अंदाज चुकल्याचं मान्य करून, परतताना गिसबॉर्न हृदयविकाराच्या झटक्याने जागेवर कोसळला. त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे रेटा लावला आणि १९६० साली मिझूलामध्ये वणव्यांची प्रयोगशाळा उभी राहिली, जिथे वाऱ्याच्या बोगद्यात आग लावून तिचा वेग मोजता येऊ लागला. १९७२ साली तिथल्याच रिचर्ड रॉदरमेलने आगीच्या वेगाचं गणित मांडलं, आणि १९९३ साली तेच गणित मॅन गल्चला लावलं. त्याच्या हिशेबाने शेवटी शेवटी आग मिनिटाला सुमारे सहाशे फूट धावत होती. चढावर पळणाऱ्या त्या पोरांना ती शर्यत जिंकता येणं शक्यच नव्हतं.

पण नियम लिहायला शास्त्राची वाट पाहिली गेली नाही, त्यासाठी आणखी मृत्यू पुरेसे झाले. १९५३ साली कॅलिफोर्नियात रॅटलस्नेकच्या आगीत पंधरा जण गेले. १९५६ साली त्याच राज्यात इनाहाच्या आगीत अकरा. तेव्हा खात्याचे प्रमुख रिचर्ड मॅकार्डल यांनी एक कार्यगट नेमला. त्याने १९३७ ते १९५६ या काळातल्या सोळा जीवघेण्या आगींची दप्तरं उघडली आणि १९५७ मध्ये दहा हुकूम तयार केले, सैन्यातल्या पहारेकऱ्यांच्या हुकमांच्या धर्तीवर. हवामानाची खबर ठेवा; आपली आग या घडीला काय करते आहे ते माहीत असू द्या; धोका वाटला तर टेहळ्या बसवा; सूचना स्पष्ट द्या आणि त्या समजल्या आहेत याची खात्री करून घ्या. प्रत्येक हुकमामागे कोणीतरी मेलेलं आहे. सूचना समजल्याची खात्री करा, हे वाक्य वाचताना मला तो राखेत उभा राहून हात करणारा डॉज दिसतो. सुटकेची वाट ठरवा हा हुकूम डॉजने पाळलाच होता. ती वाट सगळ्यांना सांगा, ही दुसरी अर्धी ओळ त्या पोरांच्या मृत्यूनंतर लिहिली गेली.

संरक्षणाची साधनंही आली. आगीला न पेटणारे पिवळे सदरे आले, आणि आली कमरेला बांधायची एक घडी. उघडली की तिचा ॲल्युमिनियमच्या वर्खाचा, आतून काचतंतूंचा, माणूस पालथा मावेल एवढाच तंबू होतो. १९७७ पासून तो प्रत्येकाला सक्तीचा झाला. त्याने शेकडो जीव वाचवले आहेत. तो उष्णता परतवतो. पण ज्वाळा थेट त्याला चाटू लागली की थोड्याच वेळात त्याचे थर सुटू लागतात. म्हणून त्याचा उपयोग शेवटचा, आणि तोही मोकळ्या, जळण नसलेल्या जागी.

जून १९९० मध्ये ॲरिझोनात ड्यूड नावाची आग लागली. ढगातून खाली कोसळलेल्या हवेने ती चहूकडे फेकली गेली आणि एका अरुंद खोऱ्यात सहा जण गेले, त्यांतले बहुतेक आग विझवायला आणलेले तुरुंगातले कैदी. त्या खोऱ्यात ओरेगनच्या झिगझॅग हॉटशॉट्स या तुकडीचा प्रमुख पॉल ग्लीसन होता. भाजलेल्या अवस्थेत बाहेर आलेल्या एका माणसाला त्याच्या तुकडीने सांभाळलं. ग्लीसन तोवर वीसेक वर्षं आगींशी लढत आला होता. त्याने पाहिलं की दहा हुकूम आणि त्यांच्यानंतर जोडलेल्या अठरा धोक्याच्या खुणा धावपळीत माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. १९९१ मध्ये त्याने सगळं चार गोष्टींवर आणलं: टेहळ्या, संपर्क, सुटकेच्या वाटा, सुरक्षित जागा. या चारही गोष्टी फावडं हातात घेण्याआधी ठरल्या पाहिजेत, आणि आग हलली की पुन्हा तपासल्या पाहिजेत. सुटकेच्या वाटा नेहमी एकाहून अधिक असाव्यात, कारण एक बंद होऊ शकते. मॅन गल्चला हे लावून पाहा. टेहळ्या नव्हता, वायरलेस फुटलेला, वाट एकच, आणि सुरक्षित जागा डॉजला स्वतःच्या काडीने तयार करावी लागली. ग्लीसनने नवा शोध लावला नव्हता. थकलेल्या, धुराने डोळे चुरचुरणाऱ्या माणसाला पेलवेल एवढं ते लहान केलं, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात त्याच्याइतकं उपयोगी काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

तरीही ६ जुलै १९९४ रोजी कोलोराडोमध्ये, ग्लेनवूड स्प्रिंग्जजवळच्या स्टॉर्म किंग डोंगरावर चौदा जण गेले. चढ, ओकची खुरटी झाडी, खालून आलेली आग, अचानक बदललेला वारा, सगळं पुन्हा तसंच. दिवसभर ते ज्या जाळरेषेवर, म्हणजे झाडोरा साफ करून तयार केलेल्या पट्ट्यावर, काम करत होते ती उताराच्या मध्यातून जात होती आणि सुरक्षित जागेकडे जाणारी वाट तिच्यावरूनच होती. अनेकांच्या पाठीवर पिशव्या तशाच होत्या, हातात अवजारं होती. वाचलेल्या एकाने सांगितलं की पळता पळता आपण करवत जळू नये म्हणून ठेवायला बरी जागा शोधत होतो. १९४९ मधलं ते झाडाला टेकवलेलं फावडं इथे पुन्हा भेटतं. कार्ल वाइक या अभ्यासकाने या दोन्ही प्रसंगांवर विस्ताराने लिहिलं आहे. माणूस अवजार टाकत नाही, कारण हंगामभर त्याला अवजाराची काळजी घ्यायलाच शिकवलेलं असतं. अवजार टाकणं म्हणजे आपण आता अग्निशामक उरलो नाही, जीव घेऊन पळणारा माणूस झालो, हे कबूल करणं. त्यानंतर प्रशिक्षणात अवजारं टाकून पळण्याचाही सराव होऊ लागला. हाताला टाकायचीही सवय लावावी लागते.

मॅन गल्चची गोष्ट तोवर लोकांपर्यंत पोचली होती. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’चे लेखक नॉर्मन मॅक्लिन यांनी आयुष्याची शेवटची वर्षं या घळीला दिली. १९७८ मध्ये सॅली आणि रम्सीला घेऊन ते तिथे चढून गेले, कोण कुठून कुठे पळालं याची जुळणी केली. ते १९९० साली गेले, पुस्तक अपुरं राहिलं आणि १९९२ मध्ये ‘यंग मेन अँड फायर’ या नावाने निघालं. वणव्यांवर काम करणारे आज ते पाठ्यपुस्तकासारखं वाचतात. नवे तुकडीप्रमुख मॅन गल्चमध्ये आणि स्टॉर्म किंगवर नेले जातात. जिथे निर्णय झाले त्या प्रत्येक जागी उभं करून त्यांना विचारलं जातं, तुम्हाला या क्षणी काय माहीत आहे आणि तुम्ही काय कराल? पुढे काय झालं हे ठाऊक असणाऱ्याने मेलेल्यांना शहाणपण शिकवू नये, म्हणून ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते.

३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेलजवळ ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्सचे एकोणीस जण गेले. ते आधी जळून गेलेल्या काळ्या भागात होते, म्हणजे डॉजच्या राखेसारख्याच सुरक्षित जागी. तिथून ते झुडपांनी भरलेल्या एका वाडग्यासारख्या खोलगटात उतरले, पलीकडच्या एका शेतवाडीकडे जायला. वादळाने वारा फिरवला आणि आग त्यांच्यासमोर आली. एकोणिसांनीही तंबू उघडले, पण त्या ज्वाळांपुढे ते टिकणारे नव्हते. टेहळणीला बसवलेला विसावा जण वाचला. ते खाली का उतरले, हे सांगायला त्यांच्यातलं कोणीच उरलं नाही.

या सगळ्या काळात झालेल्या बदलांपैकी ज्याची चर्चा कमी होते तो बदल मला सर्वांत मोठा वाटतो. १९४९ मध्ये तुकडीतल्या पोराला काम नाकारता येतं, ही कल्पनाच नव्हती. स्टॉर्म किंगनंतर नाकारण्याचा हक्क कागदावर आला आणि आज तो प्रत्येकाच्या खिशातल्या छोट्या पुस्तिकेत छापलेला असतो. काम धोक्याचं वाटलं तर थेट वरिष्ठाला सांगायचं, नाकारण्याचं कारण द्यायचं आणि जमेल तिथे सुरक्षित पर्यायही सुचवायचा. वरिष्ठाने तेच काम दुसऱ्या तुकडीला द्यायचं ठरवलं तर त्याच्यावर एक बंधन आहे: त्या नव्या तुकडीला त्याने सांगितलंच पाहिजे की हे काम तुमच्याआधी एका तुकडीने नाकारलं आहे, आणि का नाकारलं आहे.